स्वयंसेवकांनी मोजलेलं नदीचं पाणी आणि ऑनलाइन नकाशे : ठिपका वाचायचा कसा?

हेरफर्डकर

इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरून वाहणाऱ्या वाय नदीकाठी मी राहतो आणि इथल्या स्वयंसेवी गटाबरोबर पाणी तपासायला जातो. आमचे आकडे एका ऑनलाइन नकाशावर चढतात, जगातून कोणीही ते उघडून पाहू शकतं. असे नकाशे आता बऱ्याच देशांत आहेत. मध्यंतरी एका चर्चेत कोणी त्यातले लाल ठिपके दाखवून "इंग्लंडच्या नद्या मेल्या" असं लिहिलं, तर दुसऱ्याने हिरवे ठिपके दाखवून ते खोडून काढलं. ठिपक्यावर क्लिक न करता, तारीख आणि साधन न बघता असा निकाल दिला की दोन्ही बाजूंनी नदीवर अन्याय होतो. म्हणून हा धागा काढतोय.

आधी नदीबद्दल. वाय वेल्समधल्या प्लिनलिमन डोंगरावर उगम पावते आणि हे-ऑन-वाय, हेरफर्ड, रॉस, मॉनमथ असं करत सुमारे २५० किलोमीटर वाहून चेपस्टोजवळ सेव्हर्नला मिळते. सामन मासा आणि उन्हाळ्यात पाण्यावर पांढरी फुलं पसरणारी वॉटर क्रोफूट ही वनस्पती ही तिची ओळख होती. गेल्या काही वर्षांत उन्हाळ्यात पाणी शेवाळाने हिरवं होऊ लागलं आणि ती वनस्पती मैलोगणती नाहीशी झाली. या खोऱ्यात एका वेळी दोन कोटींच्या आसपास कोंबड्या असतात. त्यांची विष्ठा खत म्हणून शेतात जाते, त्यातला फॉस्फरस वर्षानुवर्षं मातीत साठतो आणि पावसाबरोबर ओढ्यांत उतरतो. लँकेस्टर विद्यापीठाच्या अभ्यासगटाने २०२२ मध्ये हिशेब मांडला तेव्हा खोऱ्यात दरवर्षी सुमारे ३००० टन फॉस्फरस गरजेपेक्षा जास्त जमा होतो असं निघालं. सांडपाणी केंद्रांचा वाटा आहे, तो वेगळा. मे २०२३ मध्ये नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने नदीचा शेरा 'असमाधानकारक, पण सुधारतेय' यावरून 'असमाधानकारक आणि घसरतेय' असा बदलला.

सरकारी नमुने ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी घेतले जातात. रात्री जोराचा पाऊस झाला आणि सकाळी ओढा चहाच्या रंगाचा झाला, तर ते त्यांच्या नोंदीत येईलच असं नाही. काठावर राहणाऱ्या माणसाला मात्र ते खिडकीतून दिसतं. फॉस्फेट, नायट्रेट, गढूळपणा, विद्युतवाहकता आणि तापमान अशा नोंदी आम्ही घेतो आणि त्या वायव्हिझ नावाच्या नकाशावर दिसतात.

आता नकाशा उघडल्यावर मी काय करतो ते सांगतो. सगळ्यात आधी तारीख. ठिपक्याचा रंग शेवटच्या नोंदीचा आहे की सगळ्या नोंदींच्या सरासरीचा, हे बाजूच्या सूचीत लिहिलेलं असतं आणि बहुतेक लोक ते वाचतच नाहीत. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची असेल तर आजच्या पाण्याबद्दल तो रंग काहीही सांगत नाही. मग त्या जागेचा आलेख उघडतो. एकाच पुलाखाली एकाच साधनाने सलग वर्षभर घेतलेल्या नोंदी मला शंभर विखुरलेल्या ठिपक्यांपेक्षा मोलाच्या वाटतात, कारण त्यात ऋतू दिसतो, पाऊस दिसतो, आणि एखादा आकडा चुकीचा असेल तर तो शेजारच्या आकड्यांमुळे उघडा पडतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच भांड्यात शिजलेली असतात. नदी तशी नसते.

दुसरं, प्रवाहाची दिशा. दोन ठिपके शेजारी दिसतात म्हणून ते एकाच पाण्याचे असतात असं नाही. एक मुख्य नदीवर असतो, दुसरा येऊन मिळणाऱ्या ओढ्यावर. नकाशाचा पाया उपग्रहचित्रावर नेऊन कोणतं पाणी कुठून येतंय ते बोटाने वर वर शोधत जायचं. हिरवा, हिरवा, आणि मग एका ओढ्याच्या तोंडाखाली एकदम लाल असेल, तर त्या ओढ्यावर कोणीतरी चालत जायला हवं. माझ्या मते या नकाशांचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे.

तिसरं, रिकामी जागा. जिथे ठिपका नाही तिथे स्वयंसेवक नाही, एवढंच कळतं. ठिपके गावांजवळ, पुलांजवळ, गाडी लावायला जागा असते तिथे दाटतात. खासगी शेतांतून जाणारे ओढे कोरे राहतात, आणि नेमकी शंका तिथेच असते. शिवाय बरेच जण शनिवार-रविवारी, कोरड्या हवेत जातात. म्हणजे पुराच्या पाण्याच्या नोंदी कमीच पडतात.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. भारतात कोणी असं काही करत असेल तर त्याबद्दल ऐकायची फार इच्छा आहे.

मुठाकाठ

छान लिहिलंय. नकाशा उघडून बसलोय. लांबून पाहिलं की मोठं वर्तुळ येतं आणि त्यात आकडा असतो. ते प्रदूषणाचं प्रमाण का?

हेरफर्डकर

नाही. बहुतेक नकाशांत तो त्या भागातल्या ठिपक्यांची संख्या असतो. जवळ गेलात की वर्तुळ फुटून ठिपके वेगळे होतात. खूप लोक मोठं वर्तुळ म्हणजे जास्त घाण असं समजतात, प्रत्यक्षात तिथे जास्त माणसं मोजायला गेलेली असतात.

मुठाकाठ

धन्यवाद, आता दिसलं. पण एक गोष्ट पटत नाहीये. तुमच्याकडच्या एका जागेवर नायट्रेट ८ आहे आणि ते 'जास्त' म्हणून लाल दाखवलंय. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या मानकात नायट्रेटची मर्यादा ४५ आहे. मग आपल्याकडचं ४० चं पाणी तुमच्यापेक्षा पाचपट वाईट, तरी चांगलं म्हणायचं?

थेम्सतीर

याचं उत्तर मी देते. मी रेडिंगला असते आणि अर्थवॉच या पर्यावरण संस्थेच्या फ्रेशवॉटर वॉच प्रकल्पात नमुने घेते.

दोन्ही आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्येच आहेत, पण मोजलेली वस्तू वेगळी आहे. इथले बरेच नकाशे नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन मोजतात. भारतीय मानकातला ४५ हा आकडा अख्ख्या नायट्रेटचा आहे. नायट्रोजनचा आकडा अख्ख्या नायट्रेटमध्ये आणायला ४.४३ ने गुणायचं. म्हणजे ८ चे साधारण ३५ झाले. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याची मर्यादा १० लिहितात तीही नायट्रोजनची, गुणाकार केला की ४४ च्या वर येते, म्हणजे जवळपास आपलीच ४५. तुमचं ४० चं पाणी आणि हे ८ चं पाणी एकमेकांच्या अगदी जवळ आहेत.

फॉस्फेटचंही तसंच. काही साधनं अख्खं फॉस्फेट दाखवतात, सरकारी आकडे फॉस्फरसचे असतात, तिथे ३.०७ ने भागायचं. दोन नकाशे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने आधी हे तपासावं. एकक बघून लोक निश्चिंत होतात, म्हणून ही चूक लक्षात येत नाही.

आणि दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. ४५ ही मर्यादा माणसाच्या, विशेषतः तान्ह्या बाळाच्या आरोग्यासाठी आहे. नकाशावरचा लाल रंग नदीतल्या जिवांसाठी आहे. फॉस्फरस लिटरमागे एक दशांश मिलिग्रॅम असेल तर माणसाला त्याचं काही नाही, पण शेवाळाला तेवढं भरपूर होतं. म्हणून रंग कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय ते सूचीत बघा.

आमच्या साधनाबद्दलही सांगते. छोटी प्लास्टिकची नळी असते, तिच्यात पाणी ओढून घ्यायचं, नायट्रेटला तीन मिनिटं आणि फॉस्फेटला पाच मिनिटं थांबायचं, मग रंग तक्त्याशी जुळवायचा. उत्तर एका आकड्यात येत नाही, पट्ट्यात येतं. नायट्रेटचे पट्टे असे: ०.२ पेक्षा कमी, ०.२ ते ०.५, ०.५ ते १, असं वर १० च्या पुढेपर्यंत. त्यामुळे आमच्या नकाशावर एखादी जागा एका पट्ट्यातून शेजारच्या पट्ट्यात गेली तर मी त्याला बदल मानत नाही. ढगाळ दिवशी आणि उन्हात रंग वेगळा भासू शकतो. दोन-तीन पट्टे ओलांडले आणि पुढच्या फेरीतही तसंच राहिलं, तर मात्र दखल घ्यायची.

हेरफर्डकर

थेम्सतीर, फार नेमकं सांगितलंत. आमच्याकडे वाय नदीवर हॅना कंपनीचा फॉस्फेट चेकर, म्हणजे हातात मावणारा मीटर, वापरतात. त्याच काचेच्या कुपीत आधी नुसत्या पाण्याने शून्य करायचं, मग पूड टाकून तीन मिनिटांनी वाचायचं. तो अख्ख्या फॉस्फेटचा आकडा देतो. उत्पादकाने दिलेली अचूकता अधिक-उणे ०.०४, शिवाय वाचनाच्या ४ टक्के. म्हणजे ०.०५ आणि ०.०८ यांत फरक आहे असं म्हणता येत नाही. पण ०.०५ आणि ०.६० यांत आहे, आणि नदीला त्रास देणारे ओढे अशाच मोठ्या फरकाने वेगळे दिसतात. कुपीवर बोटाचा ठसा राहिला तरी आकडा हलतो, म्हणून पुसायचं कापड पिशवीत हवंच.

परीक्षानळी

मी पुण्यात एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करतो. चर्चा वाचून आनंद झाला, पण काही गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात.

नमुना घेणं हे अर्धं काम आहे. विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच स्थिर करावा लागतो. बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात त्या चाचणीचा, नमुना बर्फात ठेवून लवकरात लवकर आणावा लागतो. बाटली त्याच पाण्याने विसळलेली हवी, जंतूंच्या चाचणीची बाटली मात्र निर्जंतुक असते, ती विसळायची नाही. आमच्याकडे येणारे कितीतरी नमुने शीतपेयाच्या बाटलीतून येतात. त्यांच्यावर मी कितीही महागडं यंत्र लावलं तरी आकडा खोटाच येणार. आणि हा आकडा नकाशावर गेला की तो कायमचा झाला.

बीओडीची तुलनाही जपून करा. इंग्लंडमध्ये ती २० अंशांवर पाच दिवसांची असते, आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवसांची.

कायद्याचा मुद्दा वेगळाच आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात कलम २१ आहे. सांडपाण्याचा नमुना कोर्टात पुरावा म्हणून टिकायचा तर तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, जागेच्या ताबेदाराला नोटीस देऊन, भाग करून, सीलबंद करून, सह्या घेऊन घ्यावा लागतो. तुम्ही ओढ्यावर उभं राहून केलेली चाचणी कितीही बरोबर असली तरी ती या चौकटीत बसत नाही. लोकांच्या अपेक्षा वाढवून ठेवायच्या आणि मग काही झालं नाही की त्यांनी निराश व्हायचं, हे मी बघितलंय. म्हणून लिहितोय, विरोध म्हणून नाही.

हेरफर्डकर

परीक्षानळी, तुमचा प्रत्येक मुद्दा मान्य. फक्त एक जोडतो. नमुना कोर्टात टिकत नसला तरी तो अधिकाऱ्याला योग्य जागी, योग्य वेळी नेऊ शकतो. कलम २१ चा नमुना घ्यायचा कुठे आणि कधी, हे ठरवायला माहिती लागतेच. स्वयंसेवकांच्या नोंदींत दर पावसानंतर एकाच ओढ्यावर फॉस्फेट चढताना दिसलं, तर मंडळाला "अमुक ठिकाणी, पाऊस पडल्यावर सहा तासांच्या आत या" असं लिहिता येतं. "नदी घाण आहे, काहीतरी करा" या अर्जापेक्षा त्याला वजन जास्त.

इकडचं एक उदाहरण देतो. यॉर्कशायरमध्ये इल्कली नावाचं गाव आहे, व्हार्फ नदीकाठी. उन्हाळ्यात मुलं नदीत डुंबतात. तिथल्या लोकांनी स्वतः नमुने घेऊन ई-कोलायच्या, म्हणजे मैल्यातल्या जंतूंच्या, चाचण्या करवून घेतल्या, सांडपाणी केंद्राच्या वरचं पाणी आणि खालचं पाणी यातला फरक दाखवला, आणि नदीच्या त्या टप्प्याला स्नानासाठीचं अधिकृत पाणी म्हणून मान्यता मागितली. डिसेंबर २०२० मध्ये ती मिळाली. इंग्लंडमध्ये नदीच्या टप्प्याला अशी मान्यता मिळण्याची ती पहिलीच वेळ. मान्यतेबरोबर सरकारवर उन्हाळाभर नियमित तपासणी करण्याची जबाबदारी आली, आणि २०२१ च्या पहिल्याच हंगामात सरकारी निकालही 'निकृष्ट' असाच आला. लोकांनी मोजलं म्हणून सरकारला मोजावं लागलं. पाणी अजून स्वच्छ झालेलं नाही, पण आता ते घाण नाही असं कोणी म्हणू शकत नाही.

परीक्षानळी

हे पटलं. "कुठे आणि कधी" यासाठी नकाशा, "किती" यासाठी प्रयोगशाळा. या वाटणीला माझी हरकत नाही.

केळापूरचे_मास्तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. तुमची चर्चा नद्यांची आहे, आमचा प्रश्न हातपंपाचा आहे. पण लिहावंसं वाटलं.

आमच्या भागात काही गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात, ते मग जात नाहीत. मानक लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं, हे आम्हाला घरोघरी सांगावं लागतं.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. आमच्या गावातल्या ताई हे काम मन लावून करतात. फ्लोराइडच्या चाचणीत थेंब टाकले की पाण्याचा रंग गुलाबीकडून पिवळ्याकडे सरकतो, जितकं पिवळं तितकं फ्लोराइड जास्त. जंतूंसाठी एचटूएसची बाटली असते, ती एक-दोन दिवसांत काळी झाली की पाणी पिण्यालायक नाही. या नोंदी मिशनच्या पोर्टलवर जातात आणि गावाचं नाव टाकून कोणालाही बघता येतात. म्हणजे लोकांनी गोळा केलेली पाण्याची माहिती आपल्याकडे नाही असं कोणी समजू नये. ती तक्त्यात आहे, फक्त तिथे जाऊन बघणारे कमी आहेत.

आता मला पडलेला प्रश्न. शाळेच्या मुलांना घेऊन गावाच्या पाण्याचा असाच नकाशा करावा असं मनात होतं. हातपंप, सार्वजनिक विहिरी, खासगी बोअर, सगळं. पण एका पालकाने विचारलं, "गुरुजी, माझ्या बोअरवर लाल ठिपका लावणार का? उद्या माझ्याकडे दूध घ्यायला कोण येईल?" मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. नदी सगळ्यांची असते, विहीर एका घराची किंवा एका वस्तीची असते. ठिपका पडला की कोणाची ते गावाला कळतंच. तुमच्याकडे याचं काय करतात?

थेम्सतीर

गुरुजी, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे. आमच्याकडे वाहत्या पाण्याच्या आणि तळ्यांच्या नोंदी असतात, त्यामुळे हे तितकं टोचत नाही. तरी खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीशिवाय नमुना घेत नाहीत.

मला सुचतं ते असं. सार्वजनिक स्रोत, म्हणजे हातपंप, पंचायतीची विहीर, टाकी, नळ, हे अचूक जागेसह दाखवा, कारण तिथून कोणीही पाणी भरतं आणि त्याला कळायला हवं. खासगी बोअरचा निकाल त्या घरालाच द्या, कागदावर, उपाय काय करता येईल त्यासह. नकाशावर हवंच असेल तर वस्तीचा एकत्रित पट्टा दाखवा, पण वस्ती दोन-चार घरांचीच असेल तर तोही नको. आणि हे सगळं मोजायच्या आधी ग्रामसभेत ठरवा. नंतर ठरवलं तर कोणाचा निकाल लाल आलाय हे बघून मतं बनतात.

केळापूरचे_मास्तर

ग्रामसभेचं बरोबर आहे ताई. आधी सार्वजनिक स्रोतांपासूनच सुरुवात करतो.

जलसुरक्षक

मास्तर, मी मराठवाड्यात ग्रामपंचायतीत हेच काम करतो, म्हणून एक सांगतो. आपल्याकडे गावाला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं, सलग पाच वर्षं हिरवं टिकलं की चंदेरी. लोकांना वाटतं हिरवं कार्ड म्हणजे पाण्यात काहीच नाही. हे कार्ड मुख्यतः स्वच्छता सर्वेक्षणावर ठरतं: विहिरीभोवती घाण आहे का, जलवाहिनीला गळती आहे का, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती दिवसांची आहे आणि कशी ठेवलीय, साथ आली होती का. फ्लोराइड हा वेगळा विषय. हिरव्या कार्डाच्या गावातल्या हातपंपालाही फ्लोराइड असू शकतं. नकाशावर हे दोन रंग एकत्र करू नका, मुलांना सुरुवातीपासून दोन वेगळे थर शिकवा.

आणखी एक. आपल्याकडे पावसाळ्याआधीचं आणि पावसाळ्यानंतरचं पाणी वेगळं. नोंदीत महिना मोठ्या अक्षरात हवा. मे महिन्यात खोल बोअरचं पाणी आणि ऑक्टोबरमध्ये भरलेल्या विहिरीचं पाणी एकाच रंगात दाखवलं तर गावाची दिशाभूल होते.

आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे ओटी टेस्टने रोज बघता येतं, त्याला नकाशा लागत नाही. पिवळा रंग आला नाही तर त्या दिवशी शुद्धीकरण झालेलं नाही, लगेच विचारायचं.

मुठाकाठ

जलसुरक्षक, तुमच्या शेवटच्या ओळीवरून आठवलं. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा आमच्या सोसायटीत लोक टीडीएस मीटर घेऊन फिरत होते आणि आकडा कमी आला की पाणी चांगलं म्हणत होते. आता या धाग्यानंतर विचारतो, टीडीएसचा आणि जंतूंचा संबंधच नाही ना?

परीक्षानळी

नाही. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. पावसाच्या पाण्याचा टीडीएस अगदी कमी असतो, त्यात थोडा मैला मिसळला तरी मीटर फारसा हलणार नाही. पिण्याच्या पाण्यासाठी उरलेला क्लोरीन आणि जंतूंची चाचणी. नायट्रेट-फॉस्फेटचा कोणताही नकाशा बघून पाणी प्यायचं की नाही हे कोणीही ठरवू नये.

पंचगंगा

कोल्हापूरहून. इतका वेळ नुसता वाचत होतो. आम्ही काही मित्र पंचगंगेवर हे सुरू करायच्या तयारीत आहोत, आराखडा इथे मांडतो, चुका काढा.

जागा: प्रयाग चिखली, शहराखालचा राजाराम बंधारा, रुई बंधारा, इचलकरंजी, तेरवाड बंधारा आणि शेवटी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळण्याआधी. मोजायचं: तापमान, पीएच, वाहकता, नायट्रेट, फॉस्फेट आणि थेंब मोजून करायच्या किटने विरघळलेला ऑक्सिजन. शक्य त्या प्रत्येक रविवारी. तेरवाडला मासे मरून वर येतात तेव्हा बातमी येते, त्याआधीचे आकडे कधीच नसतात. आम्हाला ते आधीचे आकडे हवेत.

हेरफर्डकर

आराखडा उत्तम आहे. चिखली हा वरचा संदर्भबिंदू घेतलात हे फार चांगलं, तो नसता तर खालच्या आकड्यांना अर्थ उरला नसता. माझ्या सूचना:

ऑक्सिजनची वेळ ठरवून घ्या. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्री वापरतात. म्हणून तो पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारी जास्त असतो. एकाने सकाळी सातला आणि दुसऱ्याने दुपारी तीनला मोजलं तर नकाशावर दिसणारा फरक घड्याळाचा असेल. मासे पहाटे मरतात, त्यामुळे सकाळीच मोजा, सगळीकडे एकाच तासात. एका माणसाने गाडीवरून सगळी ठिकाणं करण्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी त्या गावचा माणूस बरा.

बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळते, तिथे ऑक्सिजन चांगलाच येणार. बंधाऱ्याच्या वरचं पाणी आणि खालचं पाणी अशा दोन वेगळ्या जागा नोंदवा, एकाच नावाने नको. नावं आधीच ठरवून सगळ्यांना द्या. "तेरवाड", "तेरवाड बंधारा", "टेरवाड" अशी तीन नावं आली की नकाशावर तीन ठिकाणं होतात आणि कोणताच आलेख पूर्ण होत नाही.

किट ज्याच्याखाली मोजू शकत नाही तिथे "०.०२ पेक्षा कमी" असंच लिहा, शून्य लिहू नका. शून्य लिहिलं, तर माहिती सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या तक्त्यात) उतरवून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर ते खरंच शून्य होतं की "पेक्षा कमी" हे कळत नाही, मग सरासरी चुकते. प्रत्येक नोंदीबरोबर पाण्याचा फोटो ठेवा. आणि पुरात कोणीही काठावर उतरायचं नाही, पुलावरून दोरीला बादली बांधून घ्या, तेही पूल सुरक्षित असेल तरच.

कृष्णाकाठ

पंचगंगा, मी सांगलीचा, पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त. सगळं छान आहे पण तुमच्या फॉर्ममध्ये बरग्यांचा रकाना दिसत नाही.

इंग्लंडच्या मंडळींसाठी सांगतो. आमच्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात, पावसाळा संपला की. मग नदी वाहती राहत नाही, एकामागून एक लांबट तळी तयार होतात. पावसाळ्याआधी बरगे काढले की ते साठलेलं पाणी एकदम खाली जातं. बरगे घातलेले असताना आणि काढलेले असताना तेच ठिकाण दोन वेगळ्या नद्यांसारखं वागतं. कधी मध्येच काही बरगे काढून वरचं पाणी सोडतात, तेव्हा वरच्या तळ्यातला गाळ आणि कुजलेलं पाणी खालच्या तळ्यात येतं. मासे मेल्याच्या दिवशी वरच्या बंधाऱ्याचे बरगे कधी हलले होते, हे विचारायला हवं.

त्यासोबत दोन रकाने आणखी घाला. जलपर्णीने पाणी झाकलंय का, साधारण किती भाग. आणि गळीत हंगाम सुरू आहे की नाही. मळीच्या पाण्याची तक्रार झाली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हंगामाआधीचे आकडे तुमच्याकडे असले तर निदान तुलना करता येईल. म्हणून सुरुवात ऑक्टोबरच्या आधी करा.

पंचगंगा

काका, बरग्यांचा रकाना घातला. जलपर्णीसाठी पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण असे पर्याय ठेवले. वेळ सकाळी सात ते आठ ठरवली. परीक्षानळी, वर्षातून दोनदा आमचा एक नमुना आणि तुमच्या प्रयोगशाळेचा एक नमुना एकाच बादलीतून घेऊन ताडून बघता येईल का? खर्च आम्ही करू.

परीक्षानळी

नक्की. बाटल्या मी पाठवतो, कोणत्या चाचणीला कोणती ते चिठ्ठीवर लिहून देईन. ऑक्सिजनच्या बाटलीत बुडबुडा राहू देऊ नका. दोन वेळांपैकी एक वेळ बरगे घातल्यानंतरची ठेवा.

पंचगंगा

ठरलं. चिखली, राजाराम, रुई आणि इचलकरंजीला माणसं आहेत. तेरवाड आणि वाडीला रविवारी सकाळी सातला पोहोचू शकेल असं कोणी इथे आहे का?

घाटावरचा

मी कुरुंदवाडचा. तेरवाड बंधाऱ्याच्या वरची आणि खालची दोन्ही ठिकाणं मी घेतो. वाडीच्या संगमासाठी भावाला विचारून उद्या इथेच कळवतो. किट कोल्हापुरातून घ्यायला कधी येऊ ते सांगा.